मितीपासून मितीपर्यंत : दिवसगणनेचा इतिहास

दोन तारखांमध्ये दिवस किती, हा प्रश्न वरकरणी शाळकरी मुलाचा वाटतो. मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करावा, की झाले! परंतु ज्याने जुन्या वहीचे एक पान जरी उलगडून पाहिले असेल, त्यास ही वजाबाकी किती फसवी आहे हे सांगावयास नको. पहिला दिवस धरावयाचा की सोडावयाचा? महिना तीस दिवसांचा की चंद्राचा? चैत्र कोणाचा, मारवाडचा की महाराष्ट्राचा? वर्ष चैत्रात पालटले की कार्तिकात? या चार प्रश्नांची उत्तरे ठरल्यावाचून वजाबाकीला हात घालता येत नाही. आणि ती उत्तरे ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्याजाचा हिशेबही जातो.

पवना आणि मुळा या नद्यांच्या परिसरात वसलेल्या ताथवडे, चिंचवड, वाकड या पट्ट्यात आज तारखेवाचून दुसरी कालगणना व्यवहारात उरलेली नाही. कारखान्याची पाळी, बँकेचा हप्ता, महापालिकेचा कर, सारे इंग्रजी महिन्यावर चालते. परंतु शे-दीडशे वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्याच्या व्यवहारात एकाच वेळी चार-पाच गणना नांदत होत्या. मराठी माणूस शालिवाहन शकाने आणि अमावास्येला संपणाऱ्या महिन्याने चाले. मारवाडातून आलेला व्यापारी विक्रम संवत आणि पौर्णिमेला संपणारा महिना लिही. गुजराती पेढीचा संवत कार्तिकात पालटे. पेशवाईच्या मोडी कागदांत मुसलमानी महिन्याचा चंद्र आणि सुहूर सन असे. या सर्वांवर कंपनी सरकारची आणि पुढे राणीच्या सरकारची तारीख आली. एकाच गावात, एकाच सूर्योदयाला, पाच नावे होती.

दिवसांच्या गणनेचा विचार आपल्या देशात फार प्राचीन आहे आणि त्यात जैन आगमांचा वाटा मोठा आहे. ‘सूर्यप्रज्ञप्ती’ या उपांगग्रंथात पाच वर्षांचे एक युग मानून त्याचे १८३० दिवस सांगितले आहेत. या १८३० दिवसांत ६० सौरमास, ६१ तीस-दिवसीय मास, ६२ चांद्रमास आणि ६७ नक्षत्रमास बसतात, असे हे गणित आहे. म्हणजे महिना एकच नव्हे, तर चार प्रकारचे, आणि चारही एकाच युगात नेमके मावणारे. ६२ चांद्रमासांच्या तिथी होतात १८६०. दिवस मात्र १८३०. म्हणजे युगात ३० तिथींचा लोप करावा लागतो, सरासरी ६१ दिवसांत एक. आजच्या सूक्ष्म मोजणीप्रमाणे ६२ चांद्रमासांचे दिवस सुमारे १८३०.९ होतात. ज्या काळी नळी नव्हती, भिंग नव्हते, त्या काळी पाच वर्षांत एका दिवसाहूनही कमी चूक राहावी, ही साधी गोष्ट नव्हे. सूर्याच्या बाबतीत हे गणित तितके बारीक नाही. ३६६ दिवसांचे वर्ष पाच वर्षांत पावणेचार दिवस पुढे जाते. वेदांग ज्योतिषातही हेच १८३० दिवसांचे युग आढळते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही महिन्यांचे असेच प्रकार दिले आहेत. तीस अहोरात्रींचा कामाचा महिना, त्याहून अर्धा दिवस अधिक तो सौर, अर्धा दिवस उणा तो चांद्र, सत्तावीस दिवसांचा नाक्षत्र. घोड्यांकडील सेवकांचा महिना पस्तीस दिवसांचा आणि हत्तींकडील सेवकांचा चाळीस दिवसांचा, हेही तेथेच नोंदले आहे. राज्याला पगार वाटावयाचा असतो, तेव्हा महिना म्हणजे काय हे आकाशाला विचारून भागत नाही. ते ठरवावे लागते.

ज्योतिषांनी मात्र यातून एक वेगळीच वाट काढली. महिने आणि वर्षे बाजूस सारून, एका ठरावीक आरंभापासून आजपर्यंत किती सूर्योदय झाले, एवढेच मोजावयाचे. या संख्येस ‘अहर्गण’ म्हणतात. कित्येक ज्योतिषग्रंथांत हा आरंभ कलियुगाचा, म्हणजे इसवी सनापूर्वी ३१०२ मधील १८ फेब्रुवारीचा धरतात. दोन्ही मित्यांचे अहर्गण एकदा काढले, की त्यांमधील दिवस साध्या वजाबाकीने मिळतात. अधिकमास, क्षयतिथी, लीप वर्ष यांचा त्रास उरत नाही. परंतु कलियुगापासूनची संख्या लाखांत जाते आणि दरवेळी तेवढा गुणाकार-भागाकार करणे जिकिरीचे. यावर उपाय शोधला तो कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी. शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हा आरंभ धरून रचलेल्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथात त्यांनी ४०१६ दिवसांचे एक चक्र कल्पिले. अकरा वर्षांत चार अधिकमास धरून १३६ चांद्रमास होतात आणि त्यांचे दिवस ४०१६ भरतात. किती चक्रे गेली ते बाजूला लिहावे आणि उरलेल्या लहान आकड्याशीच हिशेब करावा. महाराष्ट्रातील पंचांगे पुढे कित्येक पिढ्या याच ग्रंथाच्या आधारे होत राहिली. मोठ्या रकमेचे चौकडे बांधून ठेवावेत आणि सुटी नाणी तेवढी मोजावीत, असाच हा प्रकार होय. व्यापारी मनाला तो चटकन पटतो.

व्यापाऱ्याने अहर्गणाचा मार्ग कधी घेतला नाही. त्याचे काम तिथीने भागे, आणि त्यामागे एक सुबक युक्ती होती. तिथी ही चांद्रमासाचा बरोबर तिसावा भाग. व्याज ‘दरमहा दरशेकडा’ ठरलेले असेल तर एका तिथीचे व्याज म्हणजे महिन्याच्या व्याजाचा तिसावा हिस्सा. मग पंचांगात एखाद्या तिथीचा क्षय होवो वा वृद्धी होवो, हिशेबाला बाध येत नाही. चैत्र शुद्ध ५ ते ज्येष्ठ शुद्ध ५ म्हणजे साठ, मग मध्ये सूर्य एकोणसाठ वेळा उगवला तरी साठच. यावरच वह्यांतील ‘आंक’ काढण्याची रीत उभी होती. रक्कम गुणिले दिवस म्हणजे आंक. चैत्र शुद्ध ५ रोजी ५०० रुपये नावे पडले आणि ज्येष्ठ शुद्ध ५ रोजी खाते पाहिले, तर नावेचे आंक ३०,०००. मध्ये वैशाख वद्य ५ रोजी २०० रुपये जमा झाले, तर पंधरा दिवसांचे जमेचे आंक ३,०००. बाकी २७,०००. त्यास तीनशे दहांनी, म्हणजे ३,००० ने भागले, की शेकडा एक रुपया दराने व्याज ९ रुपये. प्रत्येक रकमेचे तिच्या मितीपासून व्याज धरणाऱ्या या पद्धतीस कटमिती म्हणत. आजच्या वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत दैनिक गुणाकाराची पद्धत म्हणून जी शिकवितात, ती याहून वेगळी नाही.

परंतु या सुबक गणितात एक मेख होती. बारा चांद्रमास ३५४ दिवसांतच संपतात. तिथीच्या हिशेबाने वर्षाचे व्याज अकरा दिवस आधीच पिकते. ही तूट भरून काढण्यासाठी पंचांगात अधिकमास येतो. पण अधिकमासाचे व्याज धरले, तर त्या वर्षी तेरा महिन्यांचे व्याज होते. एकोणीस सौर वर्षांत महिने २२८ व्हावयास हवेत. चांद्र महिने होतात २३५. दरमहा एक टक्का म्हणजे सालाचे बारा टक्के, असे घेणारा आणि देणारा दोघेही बोलत असले, तरी प्रत्यक्षात तो दर १२.३७ पडतो. यात लबाडी नाही, चंद्राची गती आहे. मात्र ती गती घेणाऱ्याच्या बाजूने झुकलेली आहे, हे नाकारता येणार नाही.

संवतांचा घोळ याहून मोठा. मारवाडी वहीत ‘संवत १९३१ चैत्र वदि ५’ अशी मिती असेल, तर तो दिवस मार्च १८७५ च्या अखेरच्या आठवड्यात येतो, कारण पौर्णिमान्त गणनेत चैत्राचा वद्य पक्ष आधी येऊन जुन्या वर्षातच संपतो. महाराष्ट्राच्या पंचांगात तो फाल्गुन वद्य ५, शके १७९६ होय. नेमकी हीच अक्षरे गुजराती पेढीच्या चोपडीत असतील, तर तो दिवस एप्रिल १८७५ च्या अखेरच्या आठवड्यात पडतो. वर्ष तेच, महिना तोच, पक्ष तोच, तिथी तीच, आणि अंतर एका महिन्याचे! दोन्ही वह्या खऱ्या, दोन्ही मुनीम प्रामाणिक. शुद्ध पक्षात मात्र दोघांचा महिना जुळतो, म्हणून हा फरक पुष्कळदा ध्यानातही येत नाही.

वीर निर्वाण संवताची गोष्ट येथे प्रसंगाने आली आहे. निर्वाणानंतर ४७० वर्षांनी विक्रम आणि ६०५ वर्षे ५ महिन्यांनी शक, अशी परंपरा प्राचीन ग्रंथांतून चालत आली आहे. सन २०२४ च्या दिवाळीत वीर निर्वाण संवत २५५१ सुरू झाला, त्याच दिवशी गुजराती विक्रम संवत २०८१ लागला. वजाबाकी ४७०. दोन्ही कार्तिक शुद्ध प्रतिपदेला पालटतात, म्हणून ही वजाबाकी बाराही महिने अढळ राहते. शकाचे तसे नाही. त्या दिवाळीत शके १९४६ चालू होते, वजाबाकी ६०५. पाच महिन्यांनी गुढीपाडव्याला शके १९४७ लागले आणि वजाबाकी ६०४ झाली. कार्तिकापासून चैत्रापर्यंतचे अंतर पाच महिने आहे, ही गोष्ट परंपरेतील ‘पाच महिने’ या शब्दांशी ताडून पाहण्यासारखी आहे.

हे सारे पंचांगाचे कुतूहल म्हणून सोडून देता आले असते. परंतु पुणे जिल्ह्यात याच गणनेपायी आगी लागल्या. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी न झालेल्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरविली. हेतू चांगला होता. जुनी थकलेली कर्जे उकरून कुळांना छळू नये, असा. घडले उलटे. तीन वर्षे भरण्याचा दिवस जवळ आला, की सावकार कुळाकडून नवे खत लिहवून घेई. मागील व्याज नव्या खतात मुद्दल बनून बसे. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुप्पटीचा जुना नियम त्यापुढे लंगडा पडला, कारण प्रत्येक नव्या खतासरशी मुद्दलच मोठे होत गेले.

उदाहरणादाखल शंभर रुपये, दरमहा दोन टक्के, असे घ्यावे. छत्तीस महिन्यांनी १७२ होतात. परंतु तीन सौर वर्षांत चांद्र महिने ३७ भरतात. त्या हिशेबाने १७४. नवे खत १७४ चे. आणखी तीन वर्षांनी ३०२ रुपये ७६ पैसे. छत्तीस महिन्यांच्या हिशेबाने २९५ रुपये ८४ पैसे झाले असते. म्हणजे सहा वर्षांत शंभरावरील कर्ज तिपटीवर गेले आणि त्यांपैकी जवळजवळ सात रुपये केवळ महिना कोणता धरला यावरून वाढले. खरे संकट नव्या खताचे होते, अधिकमासाचे नव्हे. परंतु ज्याला वही वाचता येत नव्हती त्याला हे दोन्ही सारखेच अंधारातले होते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाला सोन्याचे दिवस आले होते. ते सरले, भाव कोसळले, सरकारने शेतसारा वाढविला आणि कर्ज मिळेनासे झाले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. जमावाची मागणी मुख्यतः एकच होती, वह्या आणि खते बाहेर काढा. जेथे ती मिळाली तेथे त्यांची होळी झाली. माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार तुलनेने थोडे झाले. राग कागदावर होता. झळ पोहोचलेल्यांत मारवाडी आणि गुजराती सावकार बहुसंख्य होते, आणि त्यांत जैन घरेही होती. समाजाच्या इतिहासात हे पान सहसा कोणी उघडत नाही. ते उघडले पाहिजे, कारण त्यात एकतर्फी खलनायक शोधून हाती काही लागत नाही. सचोटीने व्यवहार करणारी पेढीही त्या दिवशी जळाली, कारण तिची वही ज्या लिपीत आणि ज्या मितीत होती, ती समोरच्याला वाचताच येत नव्हती. बोडिया अक्षरांत काना-मात्रा गाळून लिहिलेली, पौर्णिमान्त महिन्याची नोंद सुप्याच्या कुणब्याने कशी ताडून पाहावी?

चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश संसदेपुढे गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा स्वतंत्र कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत होते. न्यायाधीशाने केवळ शेवटचे खत पाहून हुकूमनामा देऊ नये, तर व्यवहाराच्या पहिल्या मितीपर्यंत मागे जाऊन हिशेब तपासावा, ही त्यातील मुख्य गोष्ट. शेतकऱ्याने करावयाचे खत गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावे, पैसे भरल्याची पावती मिळावी, वर्षाला खात्याचा उतारा मागता यावा, पासबुक असावे, या तरतुदीही त्यातच होत्या. आज बँकेचे पासबुक हाती घेताना कोणास सुप्याची आठवण होत नाही.

मितीचा पेच मात्र दुसऱ्या कायद्याने सोडविला. १८७७ च्या मुदतीच्या कायद्यात एक कलम आहे, की सर्व दस्तऐवज या कायद्यापुरते ग्रेगोरियन गणनेप्रमाणे केलेले मानावेत. त्याखाली दिलेले उदाहरण वाचण्यासारखे आहे. एका हिंदू माणसाने केवळ देशी मिती घालून चार महिन्यांच्या वायद्याची चिठ्ठी लिहून दिली, तर ते चार महिने इंग्रजी गणनेने मोजावेत. मिती देशी, महिने विलायती! १९०८ च्या आणि पुढे स्वतंत्र भारताच्या १९६३ च्या कायद्यातही हा नियम कायम राहिला. १८९७ च्या सामान्य वाक्खंड कायद्याने उरलेली गाठ सोडविली. ‘पासून’ म्हटले तर पहिला दिवस गाळावा आणि ‘पर्यंत’ म्हटले तर अखेरचा दिवस धरावा; महिना म्हणजे इंग्रजी महिना. मराठीतील ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोन शब्दयोगी अव्ययांवर किती दाव्यांचा निकाल लागला असेल, याची गणती नाही.

सावकाराच्या वहीपुढे जो पेच होता, तोच इतिहाससंशोधकांपुढेही आला. त्यांचे व्याज बुडत नव्हते, पण घटनांचा क्रम बुडत होता. मावळ तालुक्यातील पाले येथील लेण्यात अर्हतांना वंदन करून आरंभ होणारा शिलालेख आहे. महाराष्ट्रातील जैन लेखांत तो सर्वांत प्राचीन मानतात. त्यावर मितीच नाही. अक्षरांच्या वळणावरून तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला ठरतो, याहून जवळ जाता येत नाही. पेशवेकालीन कागदांचे याच्या उलट. तेथे मित्यांची रेलचेल. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे अरबी शब्द मोडीत दिसले, की ते सुहूर सन ११६१ होय. हा सन मृग नक्षत्री पालटतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन येतो, म्हणून हा सन १७६०-६१, म्हणजे पानिपतचे वर्ष.

असल्या मित्या जुळविण्यासाठी जंत्र्या तयार झाल्या. बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री, शिवकालासाठी खरे जंत्री, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह इंग्रजीत सिद्ध करून १८९६ साली प्रसिद्ध केलेला भारतीय कालगणनेचा ग्रंथ, ही त्यांतील ठळक नावे. त्याच वर्षी दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथही निघाला. कोकणातील मुरूडच्या या शिक्षकाने अवघ्या पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात केलेले हे काम. पुढे स्वामीकन्नू पिल्ले यांनी इ. स. ७०० ते १७९९ पर्यंतच्या दररोजच्या मित्या छापून १९२२ साली संशोधकांच्या हाती दिल्या.

या साधनांनी काय साधते, ते शिवछत्रपतींच्या राज्यकालावरून पाहावे. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ रोजी झाला. निधन चैत्र शुद्ध पौर्णिमा, शके १६०२ रोजी. इंग्रजी तारखा ६ जून १६७४ आणि ३ एप्रिल १६८०. छत्रपती म्हणून राज्याचे दिवस किती? तारखांनी मोजले तर ६ जून १६७९ पर्यंत १८२६ आणि पुढे ३०२, एकूण २१२८. आता तिथींनी पडताळा घ्यावा. ज्येष्ठ शुद्ध १३ पासून सहाव्या वर्षीच्या चैत्र शुद्ध १३ पर्यंत पाच वर्षे दहा महिने, म्हणजे ७० महिने. त्यात दोन अधिकमास मिळून ७२. वर दोन तिथी. ७२ गुणिले २९.५३ म्हणजे २१२६, आणि दोन दिवस मिळून २१२८. दोन निरनिराळ्या वाटांनी निघून एकाच मुक्कामी पोहोचलेला हा हिशेब आहे. यालाच जुने लोक रुजवात म्हणत.

परंतु येथेही एक खड्डा आहे. वरील दोन्ही तारखा जुन्या, ज्युलियन गणनेच्या आहेत. मुंबईकर इंग्रज तीच वापरीत. राज्याभिषेकास रायगडी आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या दृष्टीने तो दिवस ६ जूनच होता. गोव्याच्या पोर्तुगीजांनी मात्र पोपने १५८२ साली सुधारलेली गणना स्वीकारली होती. त्यांच्या लेखी तो दिवस १६ जून. इंग्लंडने नवी गणना घेतली ती १७५२ साली. त्या वर्षी २ सप्टेंबरचा दुसरा दिवस १४ सप्टेंबर झाला. म्हणून १७५२ च्या अलीकडची एक तारीख आणि पलीकडची एक तारीख घेऊन वजाबाकी करणाऱ्याने सावध असावे. शिवछत्रपतींच्या निधनापासून पानिपतच्या रणापर्यंत, म्हणजे ३ एप्रिल १६८० ते १४ जानेवारी १७६१ पर्यंत, सरळ नव्या गणनेने मोजले तर २९,५०५ दिवस येतात. खरे अंतर २९,४९५. दहा दिवस कधी उगवलेच नाहीत.

आज हे काम संगणक करतो. चार ओळींची आज्ञावली, ज्यास ‘स्क्रिप्ट’ म्हणतात, दोन तारखा घेते आणि क्षणात दिवस सांगते. तिच्या पोटात डोकावले तर आढळतो तो अहर्गणच. युनिक्स नावाच्या प्रणालीने आपला आरंभ १ जानेवारी १९७० धरला आहे. दुकानादुकानांतून वापरात असलेल्या एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस. त्यात १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे १७,३९४ आणि २६ जानेवारी १९५० म्हणजे १८,२८९, वजाबाकी ८९५. स्वातंत्र्यापासून प्रजासत्ताकापर्यंतचे हे दिवस. गणेश दैवज्ञांनी जवळचा आरंभ घेतला तो ज्या सोयीसाठी, त्याच सोयीसाठी संगणकानेही घेतला. संगणक चुकत नाही, हा समज मात्र सोडावा. एक्सेलमध्ये ६० क्रमांकाचा दिवस २९ फेब्रुवारी १९०० असा आहे, आणि १९०० हे लीप वर्ष नसल्यामुळे तो दिवस कधी अस्तित्वातच नव्हता. आधीच्या लोटस नावाच्या प्रणालीतील ही चूक, हिशेब जुळावेत म्हणून, जाणूनबुजून तशीच ठेवली गेली. आणि वर सांगितलेले पानिपतचे दहा दिवस संगणक आपण होऊन वजा करीत नाही. त्यास तारीख कोणत्या गणनेची, हे मनुष्यानेच सांगावे लागते.

व्यापारी वर्गाच्या घरात या स्थित्यंतराचा शेवटचा टप्पा आला तो १९८०च्या दशकाच्या अखेरीस. तोवर दिवाळी ते दिवाळी हे हिशेबाचे वर्ष आयकर खात्यासही मान्य होते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नवी वही पुजावी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस पहिली नोंद घालावी, वीर निर्वाण संवताचे आणि खात्याचे वर्ष एकाच दिवशी पालटावे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. १९८७ च्या करसुधारणेने सर्वांसाठी ३१ मार्च हीच वर्षअखेर ठरविली आणि करनिर्धारण वर्ष १९८९-९० पासून ती लागू झाली. मधला सांधा जुळविण्यासाठी दिवाळी वर्ष पाळणाऱ्या पेढ्यांना एक लांबलचक वर्ष मोजावे लागले. संवत २०४४ ची कार्तिक शुद्ध प्रतिपदा २३ ऑक्टोबर १९८७ रोजी होती. त्या दिवशी उघडलेले खाते ३१ मार्च १९८९ ला मिटले. आकारणीसाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद करावी लागली. दोन्ही टोके धरून हे ‘वर्ष’ ५२६ दिवसांचे भरते. त्यात दिवाळी दोनदा आली, शेवटची जुनी वही चालू असतानाच.

कपड्याच्या व्यापाऱ्यांना अलीकडे परिचित झालेली पंचेचाळीस दिवसांची मर्यादा हे याच कथेतले ताजे पान. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत द्यावे, हा नियम २००६ च्या कायद्यातला. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून त्यास आयकराची जोड मिळाली आणि मुदत उलटलेले देणे खर्च म्हणून त्या वर्षी धरता येईनासे झाले. माल स्वीकारल्याचा दिवस कोणता, यावर आता बिलाच्या पाठीमागे तारखेचा शिक्का मारून घेतला जातो. देणाऱ्याकडे एक प्रत, घेणाऱ्याकडे एक प्रत, दोन्हींवर तोच दिवस.

जुन्या लाल वह्या अनेक घरांच्या माळ्यांवर अद्याप आहेत. बोडिया अक्षर वाचणारे हात आता थोडे उरले आहेत, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत काही वह्या रद्दीत जातात. वही राखावयाची असेल तर तिच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी आजच लिहून ठेवाव्यात: संवत चैत्राचा की कार्तिकाचा, महिना पौर्णिमान्त की अमान्त, आणि एखाद्या एका नोंदीची इंग्रजी तारीख. तेवढ्यावरून बाकीची सारी पाने लागतात.